पाइनची फळी ४४०७ की ४४०९? आधी कड बघा, मग कोड

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणला लाकडी पॅकिंगचा कारखाना आहे. आजवर वखारीतून माल घ्यायचे, आता पहिल्यांदाच जर्मनीहून थेट तीन कंटेनर मागवलेत. इन्व्हॉइसवर लिहिलंय: व्हाइटवुड, किल्न ड्राय म्हणजे भट्टीत वाळवलेलं, चारही बाजूंनी रंदा मारलेलं, कडा किंचित गोल, काही माल फिंगर जॉइंट (बोटांसारख्या खाचांनी टोकाला जोडलेला), २२ × ९८ × १२०० मिलिमीटर. पुरवठादाराने कस्टम्सचा वर्गीकरण कोड टाकलाय ४४०९.१०. वखारवाल्याच्या जुन्या बिल ऑफ एंट्रीवर (आयात मालाचं कस्टम्सला द्यायचं घोषणापत्र) ४४०७.११ होता. पॅलेट करायचे आहेत म्हणून एक मित्र ४४१५ सांगतोय. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटवर (‘फायटो’, म्हणजे निर्यात करणाऱ्या देशाचा वनस्पती-आरोग्य दाखला) झाडाचं नाव आहे पिसिया ॲबीस. खरा कोड कोणता, आणि ड्युटी सारखीच लागणार असेल तर एवढी चर्चा कशाला?

उत्तर: ४४०७.१२. म्हणजे तिघांपैकी एकाचंही बरोबर नाही. वखारवाला सगळ्यात जवळ आला, पण झाडात चुकला.

मी न्हावा-शेव्याला कस्टम्स ब्रोकर म्हणून बावीस वर्षं काढली आणि त्यातली निम्मी लाकडात गेली. कोडवरून वाद होतो तेव्हा बहुतेक वेळा कोणी लाकूड बघितलेलंच नसतं. जो तो दुसऱ्याच्या कागदावरचा आकडा उतरवत असतो. म्हणून आधी फळी हातात घेतल्यासारखं बघू.

जाडीपासून सुरुवात करू, कारण ते एका मिनिटात संपतं. उभं चिरलेलं, ६ मिलिमीटरपेक्षा जाड लाकूड ४४०७ मध्ये येतं. ६ किंवा त्याहून पातळ असेल तर ते व्हेनिअरच्या ४४०८ मध्ये जातं. तुमची फळी २२ मिलिमीटर, प्रश्न मिटला. गोल माल, म्हणजे ओंडके, किंवा ओबडधोबड चौकोनी केलेलं खोड असतं तर ४४०३. तिथे बेसिक ड्युटी कित्येक वर्षं ५ टक्के आहे आणि चिरीव मालावर १०. त्यामुळे जाडजूड चौकोनी माल ‘ओंडकाच आहे साहेब’ म्हणून ४४०३ मध्ये बसवायचा मोह पूर्वीपासून आहे. पण ४४०३ मधल्या चौकोनी मालावर खडबडीत जागा किंवा सालीच्या खुणा राहिलेल्या दिसतात. चारही बाजू आरीने साफ चिरलेल्या असतील तर तो ४४०७ च. रंदा मारलेल्या फळीला हा प्रश्नच येत नाही.

आता कड. तुमच्या पुरवठादाराची गफलत इथे झाली आहे.

४४०९ हे शीर्षक, म्हणजे कोडचे पहिले चार आकडे, ‘सलग आकार दिलेल्या’ लाकडाचं आहे. कडेला, टोकाला किंवा पृष्ठभागावर जीभ काढलेली, खाच पाडलेली, उतार दिलेला, मोल्डिंग केलेलं, गोल केलेलं. भिंतीच्या लाकडी पॅनेलिंगच्या टंग-ग्रूव्ह पट्ट्या डोळ्यांसमोर आणा, तो ४४०९ चा अस्सल माल. आता ‘गोल केलेलं’ हा शब्द कायद्यात आहे आणि तुमच्या इन्व्हॉइसवर ‘कडा किंचित गोल’ आहे, म्हणजे झालं की ४४०९! इथेच लोक फसतात. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरणात्मक टिपांमध्ये ४४०७ खाली स्वच्छ लिहिलंय की माल रंदा मारलेला असू शकतो आणि रंदा मारताना दोन बाजूंमधला कोन किंचित गोल झाला तरी तो ४४०७ मध्येच राहतो. हाताला कुसळ लागू नये, कड पिचू नये म्हणून मशीनवर कोपरा मोडलेला असतो. त्याने फळीला नवा आकार येत नाही, ती आयताकृतीच राहते. युरोपातल्या गिरण्यांतले कारकून चार बाजूंच्या मोल्डर मशीनमधून निघालेल्या प्रत्येक तुकड्याला ४४०९ लावतात, असं मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्यांच्या कोडकडे मी फक्त माहिती म्हणून बघतो.

हे अधिकाऱ्याला पटवायचं कसं? काही वर्षांपूर्वी द्रोणागिरीच्या एका सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात, असाच माल उघडला होता. प्लास्टिक फाडलं, पट्टी कापली, साहेबांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘‘हे तर गोल केलंय.’’ अंगठ्याला ते गोलच लागतं, त्यांची चूक नव्हती. मी सुताराकडून त्या फळीचा वीतभर तुकडा सरळ कापून घेतला, टोक ऑफिसच्या स्टॅम्पपॅडवर दाबलं आणि कोऱ्या कागदावर ठसा उठवला. कागदावर आला निळा आयत, चार कोपरे उंदराने जरासे कुरतडल्यासारखे. शेजारी त्याच पद्धतीने एका टंग-ग्रूव्ह पट्टीचा ठसा घेतला: एका बाजूला जीभ, दुसऱ्या बाजूला खोबण. दोन ठसे शेजारी ठेवल्यावर पाच मिनिटांत विषय संपला. तेव्हापासून प्रत्येक नव्या मालाचा ठसा घेऊन, स्केल ठेवून, स्कॅन करून ई-संचितवर, म्हणजे कस्टम्सच्या कागदपत्रांच्या पोर्टलवर, चढवतो. फेसलेस असेसमेंट आल्यापासून त्याचं मोल वाढलंय. माल न्हावा-शेव्याला आणि तपासणारा अधिकारी चेन्नईला किंवा कोलकात्याला. त्याच्या हाताला फळी लागणार नाही, त्याला तुमचे शब्द आणि तुमचा कागद एवढंच दिसतं.

फिंगर जॉइंटची काळजी करू नका. टोकाला टोक जोडलेला माल ४४०७ च्या शीर्षकातच समाविष्ट आहे. पण शब्द ‘टोकाला’ असा आहे. फळ्या कडेला कड लावून, गोंदाने चिकटवून रुंद पॅनेल केलं तर ते ४४०७ मधून बाहेर पडलं. मग ४४२१, ४४१८ की ४४१२ हे पॅनेल कसं बांधलंय यावर ठरतं, आणि त्यात ब्लॉकबोर्ड-प्लायवूडच्या बाजूला गेलात तर बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, प्रमाणपत्राचं झेंगट मागे लागतं. पुरवठादाराला एकदा ईमेल करून विचारा की जोड फक्त लांबीत आहे ना. उत्तर जपून ठेवा.

तुमच्या मित्राचं ४४१५. पॅलेटसाठी आणलंय म्हणून पॅलेटच्या शीर्षकात, हा तर्क ऐकायला बरा वाटतो, पण कस्टम्स मालाची बंदरात आल्या वेळची अवस्था बघतं. पुढे त्याचं काय करणार हे शीर्षकात लिहिलेलं असेल तरच विचारात येतं. न जोडलेला पॅलेट ४४१५ मध्ये येऊ शकतो, पण त्यासाठी सगळे भाग मोजून, एका पॅलेटचा पूर्ण संच होईल असे आलेले असायला हवेत. वरच्या फळ्या, खालच्या फळ्या, ठोकळे, सगळं. सुट्या फळ्यांचे गठ्ठे हे चिरीव लाकूडच. तुम्ही त्याचे पॅलेट करा, खोकी करा नाहीतर गणपतीचं मखर करा.

इथे अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो, कारण लाकडाच्या कोडवरून खरा पैसा कसा फिरतो ते तिच्यात दिसतं. कॅनडा आणि अमेरिका यांचं सॉफ्टवुडवरून १९८२ पासून भांडण आहे. १९९६ मध्ये पाच वर्षांचा करार झाला. ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, ओंटारिओ आणि क्वेबेक या चार प्रांतांतून वर्षाला १४.७ अब्ज बोर्ड फूट (एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड हे एक माप) माल शुल्काशिवाय जाईल, त्यावर गेलं की हजार बोर्ड फुटांमागे आधी ५० डॉलर, मग १०० डॉलर. करार लागू होता ४४०७ आणि ४४०९ सारख्या ठरावीक शीर्षकांना. मग काय, काही गिरण्यांनी भिंतीच्या उभ्या बॅटनना विजेच्या वायरी जाण्यासाठी भोकं पाडून पाठवायला सुरुवात केली. भोक पाडलं म्हणजे तो इमारतीचा तयार सुतारकामाचा भाग झाला, ४४१८, आणि ४४१८ कराराच्या बाहेर! अमेरिकन कस्टम्सने १९९७ मध्ये ते मान्यही केलं. तिथल्या लाकूडवाल्यांनी ओरड केली आणि १९९८ मध्ये कस्टम्सने निर्णय फिरवून भोकांसकट माल ४४०७ मध्ये परत आणला. दोन देशांमध्ये लवादापर्यंत प्रकरण गेलं. सगळं का, तर एका इंचाच्या भोकासाठी.

नंतरची तऱ्हा बघा: कॅनडाच्या मालावर जानेवारी २०१८ मध्ये जे अँटी-डम्पिंग आणि काउंटरव्हेलिंग ड्युटीचे (पाडलेल्या भावाच्या आणि सरकारी अनुदानाच्या मालावरच्या जादा शुल्काचे) आदेश निघाले, त्यात कोड दिलेत, पण निर्णायक आहे ते मालाचं शब्दांतलं वर्णन. कोड केवळ सोयीसाठी. भोक पाडा, खाच करा, वर्णनात बसत असाल तर ड्युटी भरा.

आपल्याकडे सॉफ्टवुडवर असा आखाडा नाही, तरी मी हे मुद्दाम सांगितलं, कारण उद्या पुरवठादार तुम्हाला ‘खिळ्यांसाठी भोकं पाडून देतो, कोड बदलेल’ असं सुचवू शकतो. नको म्हणा.

आता झाड. तुमच्या प्रकरणातली खरी चूक इथे आहे.

सॉफ्टवुड म्हणजे मऊ लाकूड नव्हे, हे आधी डोक्यातून काढा. आपली काटेसावर इतकी मऊ की तिच्या आगपेटीच्या काड्या होतात, तरी ती हार्डवुड. सॉफ्टवुड म्हणजे सूचिपर्णी झाडांचं लाकूड: पाइन, स्प्रूस, फर, देवदार. २०१७ च्या आधी एचएसमध्ये, म्हणजे जगभर चालणाऱ्या कोड-पद्धतीत, सहा आकड्यांवर सगळ्या सूचिपर्णींना मिळून ४४०७.१० हा एकच कोड होता. २०१७ मध्ये तो फुटला: पाइन ४४०७.११, फर आणि स्प्रूस ४४०७.१२, इतर ४४०७.१९. २०२२ मध्ये आणखी दोन आले: स्प्रूस-पाइन-फर मिश्रणासाठी ४४०७.१३ आणि हेम-फर, म्हणजे पश्चिमी हेमलॉक आणि फर यांच्या मिश्रणासाठी ४४०७.१४. उत्तर अमेरिकेतल्या गिरण्या ही झाडं वेगळी न करता एकत्रच चिरतात आणि विकतात, म्हणून ही सोय.

त्यामुळे बाजारातल्या नावाला आता किंमत आली आहे आणि बाजारातली नावं भयंकर आहेत. युरोपात ‘व्हाइटवुड’ म्हणजे स्प्रूस, पिसिया ॲबीस. तुमचा माल हाच. ‘रेडवुड’ म्हणजे युरोपात पायनस सिल्व्हेस्ट्रिस, चक्क पाइन, पण कॅलिफोर्नियात रेडवुड म्हणजे सिक्वोया, पूर्ण वेगळं झाड. ‘ओरेगॉन पाइन’ पाइन नाही आणि त्याचंच दुसरं नाव ‘डग्लस फर’, तो फरही नाही. स्यूडोत्सुगा हा त्याचा वंश, म्हणून ४४०७.१९. ‘पराना पाइन’ हे ब्राझीलचं अरौकारिया, तेही ४४०७.१९. आपल्याकडे तर वखारीत पिवळट दिसलं की सगळंच ‘पाइन’. वखारवाल्याच्या बिलावर ४४०७.११ असण्याचं कारण बहुधा हेच, किंवा त्याचा माल न्यूझीलंडचा रेडिएटा पाइन असेल. मग त्याच्यापुरतं ते बरोबर होतं.

मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. २०१८ च्या सुमारास एका ग्राहकाच्या इन्व्हॉइसवर ‘रेडवुड’ होतं, मी ते अमेरिकेचं समजून ‘इतर’ मध्ये टाकलं. फायटोवर पायनस सिल्व्हेस्ट्रिस. दोन कागदांवर दोन झाडं म्हटल्यावर प्लांट क्वारंटाइनने विचारलं आणि कस्टम्सनेही. ड्युटीत एक रुपयाचा फरक नव्हता, पण दुरुस्ती होऊन माल सुटेपर्यंत सहा दिवस गेले. डिमरेज आणि कंटेनर डिटेन्शन, म्हणजे माल आणि कंटेनर अडकून राहिल्याचा आकार, मिळून जे बिल झालं त्यातलं अर्धं मी माझ्या खिशातून भरलं, कारण फायटो माझ्या टेबलावर पडलेला होता आणि मी तो उलटून बघितला नव्हता. तेव्हापासून नियम असा: झाडाचं नाव फक्त फायटोवरून, आणि तेही शास्त्रीय.

फायटोवरच शंका असेल तर भिंगाने थोडं कळतं. धारदार ब्लेडने फळीचं टोक तासून गुळगुळीत करा आणि दहापट भिंगाखाली बघा. पाइनमध्ये राळेच्या नळ्यांचे ठिपके मोठे आणि भरपूर दिसतात. स्प्रूसमध्ये बारीक, थोडे, शोधावे लागतात. खऱ्या फरमध्ये आणि हेमलॉकमध्ये ते सहसा नसतातच. पाइनला नाक लावलं तर टर्पेंटाइनचा वास येतो, स्प्रूस जवळपास बिनवासाचं. याने प्रयोगशाळेचं काम होत नाही, पण आपण खोटं लिहीत नाही ना एवढी खात्री पटते.

ड्युटीचं. बेसिक १० टक्के, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे ११. मग १११ वर १८ टक्के आयजीएसटी, १९.९८. शंभर रुपयांच्या मालावर ३०.९८ रुपये, त्यातले १९.९८ तुम्हाला क्रेडिटमध्ये परत. बजेटनंतर दर एकदा तपासून घ्या. ४४०७ आणि ४४०९ मध्ये आज तुम्हाला फरक पडणार नाही हे खरं. पण २०११ पासून आपल्याकडे स्वयं-मूल्यांकन आहे. कोड तुम्ही ठरवता, जबाबदारी तुमची. उद्या एखाद्या व्यापार करारात एका कोडला सवलत मिळाली आणि दुसऱ्याला नाही, तर तुमच्या जुन्या बिलांवरचा कोड हाच तुमच्या विरुद्ध पुरावा होतो. कमी भरलेल्या ड्युटीची नोटीस साधारण दोन वर्षं मागे जाऊ शकते, मुद्दाम लपवलं असं ठरलं तर पाच.

कोडपेक्षा जास्त भांडण खरं तर घनमीटरवरून होतं आणि याबद्दल तुम्ही विचारलंच नाही. रंदा मारलेला माल युरोपात बरेचदा रंदा मारण्याआधीच्या मापावर विकतात. तुमची फळी २२ × ९८, पण ती चिरली गेली २५ × १०० मध्ये. समजा १०,००० फळ्या आहेत. प्रत्यक्ष मापाने २५.८७ घनमीटर, नाममात्र मापाने ३०. इन्व्हॉइसवर ३० लिहिलं असेल आणि शेडमध्ये टेप लावल्यावर २५.८७ निघाले, तर पहिला प्रश्न येतो की उरलेला माल कुठे गेला. पॅकिंग लिस्टवर दोन्ही आकडे आणि ‘किंमत नाममात्र मापावर’ अशी ओळ पुरवठादाराकडून आत्ताच टाकून घ्या. अमेरिकन मालात तर हा फरक भलताच असतो. त्यांचा ‘टू बाय फोर’ प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच, म्हणजे नावापेक्षा एक तृतीयांशाहून जास्त कमी.

बिल ऑफ एंट्रीवर वर्णन असं टाका: ‘स्प्रूसचं चिरीव लाकूड, पिसिया ॲबीस, भट्टीत वाळवलेलं, चारही बाजूंनी रंदा, कोपरे रंद्यात किंचित मोडलेले, जीभ-खाच किंवा अन्य आकार नाही, काही नग फक्त टोकाला फिंगर जॉइंट, २२ × ९८ × १२०० मिमी, प्रत्यक्ष घनमीटर अमुक.’ अर्थातच इंग्रजीत. लांबलचक वाटेल, पण यातला प्रत्येक तुकडा एका संभाव्य क्वेरीचं उत्तर आहे. ‘पाइन वुड’ एवढंच लिहून पाठवलेली बिलं मी रोज अडकलेली बघतो.

पुरवठादाराचा ४४०९.१० जर्मनीच्या निर्यात कागदावर राहिला तर त्याने तुमचं असेसमेंट बांधलं जात नाही. पहिले सहा आकडे जगभर एकच असले तरी ते लावायचा निर्णय इथलं कस्टम्स घेतं. तरी पुढच्या खेपेपासून त्याला बदलायला सांगा. दर महिन्याला असाच माल येणार असेल आणि मनात धाकधूक राहत असेल, तर मुंबईच्या ॲडव्हान्स रूलिंग (आयातीआधीच कोडचा निर्णय देणाऱ्या) प्राधिकरणाकडे अर्ज करा. फी १०,००० रुपये आणि निर्णय काही वर्षं चालतो. एकदाच तीन कंटेनर आणायचे असतील तर मी तेवढं करणार नाही.

आणि हीट ट्रीटमेंटचा शिक्का. फळ्या ५६ अंशांवर गाभ्यापर्यंत ३० मिनिटं तापवलेल्या आहेत असं फायटोवर असेल, ते आयातीपुरतं. त्या फळ्यांचे तुम्ही पॅलेट करून निर्यातीच्या मालाखाली घालणार असाल तर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का तुमच्या परवान्याखाली तुम्हालाच मारावा लागेल, जर्मनीचा कागद तिथे चालत नाही. बोट लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री भरायचंय, तेव्हा फायटोचं स्कॅन आजच मागवून घ्या आणि त्यावरचं पिसिया ॲबीस इन्व्हॉइसवरच्या ‘व्हाइटवुड’ शेजारी लिहून आणा.